सवय आहे, सवय झाली, की सवय लागली? 'यूज्ड टू'चा गोंधळ

आजचा एपिसोड पुण्यातल्या खोलीतून नाही, तर सारंगखेड्यातून, घरच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. दत्तजयंतीची यात्रा सुरू आहे, त्यामुळे मागून मधूनच घोडा खिंकाळेल, पाळण्याचा भोंगा वाजेल. सांभाळून घ्या. जे हे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांची या आवाजातून सुटका आहे.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: सारंगखेडा म्हणजे तापीच्या काठावरचं, शहादा तालुक्यातलं, नंदुरबार जिल्ह्यातलं गाव. दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालात की तापीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की आम्ही. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, सगळे येतात. आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीच्या एपिसोडमध्ये घोडे कशाला? थांबा, येतो तिकडेच.

झालं असं, की माझ्या मावसबहिणीचं नर्सिंग पूर्ण झालंय. परवा मुंबईच्या एका हॉस्पिटलसाठी तिची फोनवर मुलाखत आहे. तिने काल व्हॉइस नोट पाठवली: "दादा, ते नक्की विचारतील की रात्रपाळी जमेल का. मी म्हणू का, आय यूज्ड टू डू नाइट ड्यूटी?"

ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. कारण हेच वाक्य बोलून मी एकदा हातची नोकरी घालवलेली आहे.

बीटेक झाल्यावर पहिल्या कंपनीत दोन वर्षं काढली आणि मग दुसरीकडे मुलाखत दिली. सपोर्टचं काम होतं, क्लायंट अमेरिकेतला, म्हणजे कॉल रात्री. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण आधीच्या कंपनीत मी तेच करत होतो. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "आर यू ओके विथ नाइट कॉल्स?" मी ताठ बसून म्हणालो, "येस सर, आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट." तो जरा थांबला. म्हणाला, "यूज्ड टू? नॉट एनी मोअर?" मला वाटलं तो विचारतोय, 'आणखी काही सांगायचंय का?' मी हसून म्हणालो, "नो सर."

संपलं. पुढच्या आठवड्यात कळलं की रात्रीच्या कामाला उमेदवाराची तयारी दिसत नाही, असा शेरा पडलाय. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की माणसं कशी खोटं लिहितात! त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मी स्वतःच त्याला सांगितलं होतं की मी पूर्वी रात्री काम करायचो, आता करत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मी पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतला. मार्कही बरे असायचे. पण 'यूज्ड टू' मला शाळेत एका ओळीत शिकवलं गेलं: 'यूज्ड टू म्हणजे सवय असणे.' ती ओळ अर्धी खरी आहे, आणि अर्धं खरं फार महागात पडतं.

आता घोड्यांकडे येऊ.

बाजारात घोडा बघायला आलेला माणूस दात बघतो, पाय बघतो, चाल बघतो. आणि घोडा लग्नाच्या वरातीसाठी हवा असेल तर एक प्रश्न हमखास विचारतो: "डीजेची सवय आहे का याला?" समजा, तीन विक्रेते तीन उत्तरं देतात. पहिला म्हणतो, "डीजेची सवय आहे." दुसरा म्हणतो, "दोन वराती झाल्या की सवय होऊन जाईल." तिसरा म्हणतो, "अहो, हा वरातीत नाचायचा!"

तुम्ही गिऱ्हाईक असाल तर तिघांना सारखे पैसे द्याल का? पहिल्याला पूर्ण भाव. दुसऱ्याशी घासाघीस, कारण त्या दोन वरातींत नवरदेव खाली पडू शकतो. आणि तिसऱ्याला लगेच विचाराल, "नाचायचा म्हणजे? आता काय झालं त्याला?" माझ्या मुलाखतीतला माणूस नेमकं हेच विचारत होता.

आता तीच तीन वाक्यं इंग्रजीत.

पहिलं: 'ही इज यूज्ड टू लाउड म्युझिक.' सवय आहे. आत्ताची स्थिती.

दुसरं: 'ही विल गेट यूज्ड टू लाउड म्युझिक.' सवय होईल. इथे 'गेट' हे आपलं 'होणे' आहे. बदल चालू आहे किंवा व्हायचाय.

तिसरं: 'ही यूज्ड टू डान्स ॲट वेडिंग्ज.' नाचायचा. इथे 'सवय' हा शब्दच नाही! हे आपलं जायचो, यायचो, करायचो आहे. पूर्वी वारंवार घडायचं, आणि ऐकणारा गृहीत धरतो की आता घडत नाही.

म्हणजे 'यूज्ड'च्या आधी काय आहे ते बघायचं. ॲम, इज, आर, वॉज असेल तर सवय आहे किंवा होती. गेट, गॉट, गेटिंग असेल तर सवय होतेय किंवा झाली. आणि आधी नुसता माणूस असेल, आय, ही, शी, मध्ये काहीच नाही, तर ते 'करायचो'. माझ्या वाक्यात एक 'ॲम' कमी पडला होता. एका 'ॲम'ची किंमत तेव्हाच्या माझ्या पगारापेक्षा जास्त होती, पण जाऊ द्या.

खरा घोळ मात्र इथे नाही. नुसता 'ॲम' लावायचा असता तर एपिसोड इथेच संपवला असता. घोळ आपल्या 'सवय' या शब्दात आहे, आणि हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बघा. 'या घोड्याला गर्दीची सवय आहे.' आणि 'या घोड्याला लाथ मारायची सवय आहे.' दोन्हीकडे शब्द तोच, पण अर्थ? पहिल्या वाक्यात घोडा काहीच करत नाही. गर्दी असते आणि त्याला तिचं काही वाटत नाही. दुसऱ्यात घोडा वारंवार काहीतरी करतो. पहिला घोडा आपण घेऊ, दुसऱ्याच्या मागे उभंही राहणार नाही.

मराठीत एकाच 'सवय'मध्ये ही दोन बिऱ्हाडं राहतात. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी आहेत. 'यूज्ड टू इट' म्हणजे फक्त पहिलं: त्याचं आता काही वाटत नाही, ते अंगवळणी पडलंय. दुसऱ्यासाठी सरळ क्रियापद वापरा, 'ही किक्स पीपल', किंवा 'ही हॅज अ हॅबिट ऑफ किकिंग'. म्हणून 'माझ्या भावाला नखं खायची सवय आहे' याचं 'माय ब्रदर इज यूज्ड टू बायटिंग हिज नेल्स' केलंत तर व्याकरण बरोबर आणि अर्थ विचित्र होतो: नखं खाण्याचा त्याला आता त्रास होत नाही!

म्हणून माझी कसोटी अशी. बोलण्याआधी मनातल्या मराठी वाक्यात 'सवय आहे' काढून 'आता काही वाटत नाही' घालून बघा. 'मला रात्री जागायचं आता काही वाटत नाही.' बसलं का? मग 'आय ॲम यूज्ड टू'. 'भावाला नखं खायचं आता काही वाटत नाही.' नाही बसलं? मग 'यूज्ड टू'ला हात लावू नका.

गंमत म्हणजे मराठीत हा फरक अगदीच नाही असं नाही. तो क्रियापदात लपलाय. 'चहाची सवय लागली' आणि 'बिनसाखरेच्या चहाची सवय झाली'. लागली म्हणजे आता प्यायल्याशिवाय राहवत नाही. झाली म्हणजे आधी नकोसा वाटायचा, आता चालतो. मोबाइलची सवय लागते, मेसच्या जेवणाची सवय होते. कुणी 'मेसच्या जेवणाची सवय लागली' म्हणालं तर त्या मेसचा पत्ता मला पाठवा. बहुतेक वेळा 'झाली' असेल तिथे 'गॉट यूज्ड टू' डोळे झाकून बसतं आणि 'लागली' असेल तिथे 'गॉट इन्टू द हॅबिट ऑफ' लागतं. आमच्या घरात अहिराणी बोलतात. पुण्याहून फोन केला की आजी विचारायची, तिथलं पाणी, जेवण मानवतंय का? मी म्हणायचो, "माले आते सवय व्हई गयी." तेव्हा 'गॉट यूज्ड टू' मला अहिराणीत नीट येत होतं, फक्त इंग्रजीत येत नव्हतं.

आता पुढचं, जिथे बहीण दुसऱ्यांदा अडकली. तिला समजावल्यावर तिने लगेच सुधारून पाठवलं: "आय ॲम यूज्ड टू डू नाइट ड्यूटी." 'ॲम' आला, पण 'डू' तसाच राहिला. तिथे 'डूइंग' हवं. का?

याचं कारण मराठीतूनच सांगतो. आपण 'मला जागणे सवय आहे' म्हणत नाही. 'जागण्याची सवय', 'जागायची सवय' म्हणतो. म्हणजे आधी 'जागणे'चं नाम करतो आणि मग त्याला 'ची' जोडतो. इंग्रजीत या ठिकाणचा 'टू' हा आपला 'ची' आहे. त्याला पुढे नाम लागतं: यूज्ड टू नॉइज, यूज्ड टू मुंबई. क्रियापद आणायचं असेल तर त्याचं नाम करून आणा, म्हणजे शेवटी 'इंग' लावून: यूज्ड टू वर्किंग, यूज्ड टू गेटिंग अप अर्ली. पण 'आय यूज्ड टू वर्क' मधला 'टू' वेगळा आहे. तो क्रियापदाचाच शेजारी, तिथे 'इंग' नको.

दोन्ही 'टू' ओळखायचे कसे? पुढचं सगळं काढून फक्त 'इट' ठेवा. 'आय ॲम यूज्ड टू इट' हे पूर्ण वाक्य झालं, म्हणून इथे 'इंग'. 'आय यूज्ड टू इट' हे लंगडं वाटतं, म्हणून इथे साधं क्रियापद. फक्त म्हणताना 'इट' ऱ्हस्व म्हणा. दीर्घ म्हणालात तर 'आय यूज्ड टू ईट' होईल, मी खायचो, आणि ते एकदम बरोबर वाक्य आहे!

ईमेलच्या शेवटी आपण लिहितो ना, 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'? तिथलाही 'टू' याच जातीचा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून 'टू हिअरिंग' हवं. माझ्या आउटबॉक्समध्ये चुकीच्या 'हिअर'ची शेकडो पत्रं आहेत. त्यातलं एकही मी आता उघडत नाही.

मग कानाचा भाग. हा पॉडकास्ट आहे, तर हे ऐकाच. 'वापरलं' या अर्थी 'यूझ्ड', शेवटी 'झ्ड' असा गुणगुणता आवाज. पण सवयीच्या आणि 'करायचो'च्या अर्थी बोलताना ते 'यूस्टू' होतं. 'झ' जाऊन 'स' येतो आणि 'डी' गिळला जातो. त्यामुळे लिहिताना पुष्कळ जण 'डी' विसरतात. 'ॲम'ही इंग्रज माणूस पूर्ण म्हणत नाही, 'आय'म यूस्टू' असा पुसट 'म' लावतो. ऐकताना तो 'म' पकडायचा, आणि आपण बोलताना तो जरा जोरात म्हणायचा, लाज वाटू द्यायची नाही. मुलाखतीत अस्सल उच्चारापेक्षा समोरच्याला कळणं महत्त्वाचं.

'डी' एकाच ठिकाणी हक्काने जातो: आधी 'डिड' आला की. 'डिड यू यूज टू लिव्ह इन शहादा?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक इट.' भूतकाळ 'डिड'ने उचललाय, मग 'यूज'ला तो ओझं देत नाही.

आणि एक 'इज यूज्ड टू' भलताच आहे. 'धिस रोप इज यूज्ड टू टाय हॉर्सेस', ही दोरी घोडे बांधायला वापरतात. इथे 'झ्ड'वाला उच्चार, कारण हे खरंखुरं 'वापरणे'. 'द हॉर्स इज यूज्ड टू बीइंग टाइड' म्हणजे घोड्याला बांधून घ्यायची सवय आहे. दोरीला सवय होत नसते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

बरं, आपल्याकडची सगळ्यात लाडकी चूक: 'आय यूज टू गो टू जिम डेली.' म्हणायचं असतं 'मी रोज जिमला जातो'. असं वाक्य मी रोज ऐकतो, ऑफिसात, रीलमध्ये, सगळीकडे. वर्तमानातल्या नेहमीच्या गोष्टीला साधं 'आय गो टू द जिम एव्हरी डे' पुरतं. ही चूक करणाऱ्याला हसू मात्र नका. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत 'यूज टू' वर्तमानकाळात खरंच चालायचं, 'करत असतो' या अर्थाने. पुढे ते रूप वापरातून गेलं आणि फक्त भूतकाळातलं उरलं. आपलं वाक्य चुकीचं आहे, पण जुन्या काळी खपलं असतं.

'यूज्ड टू' फक्त कामांसाठी नसतं, स्थितीसाठीही चालतं. आमचं गावच घ्या. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. माझा जन्म त्याच्या आधीचा, म्हणजे मी जन्मलो धुळे जिल्ह्यात आणि शाळेत गेलो नंदुरबार जिल्ह्यात, घर न बदलता. 'सारंगखेडा यूज्ड टू बी इन धुळे डिस्ट्रिक्ट.' इथे 'वुड' चालत नाही, हे महत्त्वाचं. 'एव्हरी इव्हनिंग वुई वुड गो टू द रिव्हर' हे छान वाक्य आहे, कारण जाणं ही पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया. पण गाव जिल्ह्यात असणं ही स्थिती, ती रोज संध्याकाळी घडत नव्हती. आणि आजोबा? ते शेवटपर्यंत 'पश्चिम खान्देश' म्हणायचे. 1906 साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यातलं ते नाव. ही नेव्हर गॉट यूज्ड टू द न्यू नेम. या एका वाक्यासाठी मी हा पूर्ण परिच्छेद बोललो, माफ करा.

'फॅमिलिअर'बद्दल थोडक्यात, कारण रेझ्युमेत ते सगळेच लिहितात. माणूस पुढे असेल तर 'विथ': 'आय ॲम फॅमिलिअर विथ धिस मशीन.' वस्तू पुढे असेल तर 'टू': 'धिस मशीन इज फॅमिलिअर टू मी.' मराठीत आपण 'हे मशीन माझ्या ओळखीचं आहे' म्हणतो, ओळख वस्तूला चिकटते, म्हणून 'आय ॲम फॅमिलिअर टू' असं तोंडातून निघतं. त्याचा अर्थ होतो 'मी ओळखीचा आहे', कुणाच्या तरी. आणि फॅमिलिअर म्हणजे नुसती ओळख, सवय नव्हे. मी रात्रपाळीशी फॅमिलिअर आहे म्हणालात तर ती काय असते हे माहीत आहे, एवढंच कळतं.

'ॲडजस्ट' तर आपण मराठीच करून टाकलाय. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा येतो, म्हणतो, "जरा ॲडजस्ट करा." तिथे तो शब्द सरकण्यासाठी आहे. मुलाखतीत 'आय विल ॲडजस्ट' म्हणालात तर मन मारून राहीन असा सूर लागू शकतो. 'आय कॅन ॲडॅप्ट टू न्यू शिफ्ट्स' किंवा 'आय विल सून गेट यूज्ड टू द न्यू सिस्टिम' हे जास्त बरं. ॲडॅप्ट म्हणजे जुळवून घेणं. ॲडॉप्ट म्हणजे दत्तक घेणं. हे उलटंसुलटं करू नका.

तर काल रात्री बहिणीचा सराव घेतला. मीच मुलाखत घेणारा झालो, जाड आवाज काढून. "आर यू यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट?" ती म्हणाली, "येस सर, आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट. आय डिड नाइट ड्यूटीज ड्युरिंग माय ट्रेनिंग." मस्त. मग मी मुद्दाम खोच मारली, "बट यू आर फ्रॉम अ स्मॉल टाउन. मुंबई?" ती थोडा वेळ गप्प. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "आय ॲम नॉट यूज्ड टू मुंबई. आय विल गेट यूज्ड टू इट."

'इट' ऱ्हस्व होता.

मुलाखत परवा सकाळी अकराला आहे. काय झालं ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तोपर्यंत 'सवय' असलेली तुमची तीन वाक्यं मला व्हॉइस नोटने पाठवा, एक 'आहे'चं, एक 'झाली'चं, एक 'करायचो'चं. आता खाली जातो. आई कधीची जेवायला हाका मारतेय, आणि या आवाजात मी तिला ऐकू आलो नाही असं म्हणायची सोय आहे, पण फार वेळ नाही.